बातमीखाली दोन ओळी छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लैंगिक अत्याचाराची बातमी नाही असा आपला अंक विरळाच. आरोपीला अटक झाली, कोठडी मिळाली, मोर्चा निघाला, तहसीलदारांना निवेदन दिले, सगळे त्यात असते. पण त्याच तालुक्यात आदल्या रात्री दुसऱ्या एखाद्या घरात असेच घडलेले असेल, तर त्या घराने आता उठून कुठे जायचे, हे त्या बातमीतून कळत नाही. हे पत्र त्यासाठीच लिहीत आहे.

मी एकतीस वर्षे सरकारी दवाखान्यात परिचारिका होते. २०१५ सालची गोष्ट. कॅज्युअल्टीत माझी ड्यूटी होती. वीस-बावीस वर्षांची एक मुलगी आणि तिची आत्या आल्या. आत्याच्या हातात गाठ मारलेली कॅरीबॅग होती. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, "पोलिसांची यादी आणली का?" यादी म्हणजे पेशंटला तपासा असे पोलिसांचे पत्र. ते नव्हते. "मग आधी ठाण्यात जा." मी बीपीचा पट्टा हातात धरून शेजारीच उभी होते आणि काही बोलले नाही, कारण यादीशिवाय अशा पेशंटला हात लावायचा नाही, असेच मलाही वाटत होते. ठाण्यात त्यांना सांगितले, ही हद्द आमची नाही. तिथून दुसरे ठाणे, दोन एसट्या बदलून. परत आल्या त्या चौथ्या दिवशी. मी कॅरीबॅगची गाठ सोडली तर आतल्या कपड्यांना बुरशी आली होती. एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, ती वेळही टळून गेली होती. गर्भ राहू नये म्हणून द्यायची गोळी तेवढी दिली. तीसुद्धा जितकी लवकर घ्यावी तितकी चांगली.

कायदा तेव्हाही तिच्याच बाजूचा होता. २०१३ पासून सरकारी असो वा खासगी, प्रत्येक दवाखान्याने अशा पेशंटवर ताबडतोब आणि मोफत उपचार करायचे आहेत. नाकारणे हा गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. २०२४ मध्ये लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांतही ते कायम राहिले. बाई स्वतःहून आली तरी तिला तपासायचे, यादी किंवा एफआयआरसाठी अडवायचे नाही, हे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्येच लिहून दिलेले आहे. दवाखाना पोलिसांना कळवतो, पण सज्ञान बाईला तक्रार करायची नसेल तर तसे लिहून घेतात, उपचार थांबवत नाहीत. मुलगी किंवा मुलगा अठराच्या आतला असेल तर मात्र कळवणे बंधनकारक आहे. आणि हद्दीचे म्हणाल तर कुठल्याही ठाण्यात झीरो एफआयआर नोंदवता येतो. हद्द कुणाची ते पोलिसांनी नंतर बघायचे, तिने नव्हे.

आपल्या घरांत अशा वेळी आई आधी पाणी तापवते. पोरीला आंघोळ घालते, कपडे भिजत टाकते. माया असते त्यात, मी पाहिली आहे. पण शक्य असेल तर आंघोळ थांबवावी. कपडे सुकवून कागदात किंवा कागदी पिशवीत ठेवावेत, प्लॅस्टिकमध्ये नको. आणि आंघोळ झालेली असली, कपडे धुतलेले असले, तरीही दवाखान्यात जावे. "आता काय उपयोग" म्हणून घरी बसलेल्या बायका मला नंतर भेटल्या आहेत. उपयोग असतो. पुरावा गेला तरी गोळ्या आहेत, जखमा आहेत, शिवाय दिवस गेले तर कायद्याने २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो.

तपासणीचीच भीती फार असते. बाईला शरीरसंबंधांची सवय आहे का हे बोटे घालून बघायची ती 'दोन बोटांची' चाचणी आता करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सांगितले की ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरले जाईल. तपासणीला संमती लागते. बाई मध्येच "पुरे" म्हणू शकते, आपल्या माणसाला जवळ बसवू शकते.

पुढची मदत आहे, पण ती माहीत असावी लागते. २०१५ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत सखी वन स्टॉप सेंटर सुरू झाली. समुपदेशन, वकील, पोलिसांत सोबत आणि काही दिवस राहण्याची सोय, हे सगळे तिथे एका छताखाली मिळते. आपल्या राज्याची मनोधैर्य योजना आहे. तिच्यात १० लाखांपर्यंत अर्थसाहाय्य मिळू शकते आणि त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचे असते. रात्र रात्र झोप लागत नाही, कुणी मागून हाक मारली तरी दचकायला होते, हे महिनोन्महिने चालते. त्यासाठी १४४१६ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर मराठीत बोलता येते. घरच्यांनी फक्त "तू तिकडे गेलीसच कशाला" एवढे विचारू नये. ते वाक्य ऐकल्यावर बोलायची बंद झालेली मुलगी मी वॉर्डात सांभाळली आहे.

त्या आत्याबाईंनी मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला होता, "सिस्टर, पेपरात येणार नाही ना?" मी ठामपणे नाही म्हणाले. दोन दिवसांनी एका पेपरात आले. नाव नव्हते, पण गाव होते, कॉलेज होते, वडिलांचा धंदा होता. तालुक्याला आणखी काय लागते? ओळख पटेल असे काहीही छापायला कायद्याने बंदी आहे. आपल्या वार्ताहरांना हे पुन्हा एकदा सांगावे. पेपरात येईल या धास्तीने बायका दवाखान्याची पायरी चढत नाहीत.

आणि अशा प्रत्येक बातमीखाली चौकटीत एवढे छापावे: "असा प्रसंग ओढवला असल्यास थेट जवळच्या दवाखान्यात जा, शक्यतो ७२ तासांच्या आत. पोलिसांचे पत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. मदतीसाठी १८१, तातडीसाठी ११२." शेजारी आपल्या जिल्ह्यातल्या सखी केंद्राचा पत्ता द्यावा, तोही स्वतः एकदा तिथे जाऊन खात्री करून.

आपली,
एक सेवानिवृत्त परिचारिका
(कृपया नाव व गाव छापू नये.)