मागच्या रांगेतली डावीकडून तिसरी

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

मुंजीचा फोटो मिळाला. पांढरं लुगडं म्हणजे विधवा, म्हणून मागच्या रांगेतली डावीकडून तिसरी बाई ही धाकटी चुलतपणजी, असं तू लिहिलंस. मला ते पटत नाही. पण तिच्याकडे यायच्या आधी फोटो कधीचा हे ठरवू. साल ठरलं की निम्मी नावं आपोआप गळतात. चेहऱ्यापासून सुरुवात केली की प्रत्येकाला आपल्याला हवं तेच माणूस दिसतं.

आधी वस्तू बघ. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो, कोपऱ्यात स्टुडिओचा उठावाचा शिक्का, आणि तिरपा धरल्यावर काळ्या भागांवर, विशेषतः कडांना, निळसर चकाकी. ही चकाकी म्हणजे कागदावरच्या जिलेटिनच्या थरातली चांदी पृष्ठभागावर आलेली. पिवळसर तपकिरी, पातळ कागदाचे अल्ब्युमिन (अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेले) फोटो एकोणिसाव्या शतकातले. त्यांना अशी चकाकी सहसा येत नाही. दुसरी खूण मागच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या तरुणाची गांधी टोपी. ती १९२० च्या आसपास रूढ झाली, म्हणजे फोटो त्याच्या आधीचा नाही. खुर्चीतल्या म्हाताऱ्यांच्या पगड्यांवरून मात्र काहीच ठरवू नकोस. पगडी घालणारा माणूस ती मरेपर्यंत घालायचा. काळ नेहमी सगळ्यात तरुण माणसाच्या कपड्यांवरून काढावा.

आता मांडीवरचं बाळ. आत्याआजी म्हणते, ‘ती मीच.’ तिचं चूक नाही, घरातल्या प्रत्येक फोटोतलं बाळ कुणीतरी आपल्या नावावर करतंच. पण बाळ आधार देऊन बसवलंय, मान धरलेली आहे, म्हणजे पाच ते आठ महिन्यांचं. पत्रिकेप्रमाणे आजोबांचा जन्म शके १८४९, आश्विन. आत्याआजीचा शके १८५३. शकात ७८ मिळव. पौषाच्या मध्यापासून फाल्गुन अखेरपर्यंतची तिथी असेल तर ७९, कारण इंग्रजी साल तोवर बदललेलं असतं. म्हणजे आजोबा १९२७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरचे. बाळ ते असतील तर फोटो १९२८ च्या उन्हाळ्याचा, आणि आत्याआजी असेल तर १९३२ च्या आसपासचा.

निकाल मुंज्या, म्हणजे ज्याची मुंज आहे तो मुलगा, देतो. तो म्हणजे थोरले आजोबा, शके १८४२ चे. १९२८ मध्ये ते साधारण साडेसात वर्षांचे, म्हणजे आठवं चालू, मुंजीचं वय. १९३२ मध्ये अकरा उलटलेले. फोटोत तो खुर्च्यांच्या ओळीतच उभा आहे आणि त्याचं डोकं शेजारी बसलेल्या माणसाच्या कानाशी येतं. साध्या खुर्चीत बसलेल्या मोठ्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण ११० ते ११५ सेंटीमीटरवर असतो. ही सात-आठ वर्षांच्या मुलाची उंची झाली. अकरा वर्षांचा मुलगा त्याच्या वर गेला असता. हे माप फक्त एकाच ओळीतल्या माणसांत घ्यायचं. पुढच्या ओळीतला कॅमेऱ्याजवळ असल्याने मोठा दिसतो, मागचा लहान. मुंजीचे मुहूर्त उत्तरायणातले, माघ ते ज्येष्ठ, तेही जुळतं. तेव्हा साल १९२८ आणि बाळ आजोबा. आत्याआजी या फोटोत नाही, आणि हे तिला तू सांग, मी नाही सांगणार.

फोटो उलटा छापलेला नाही हेही मुंज्यावरूनच कळतं. निगेटिव्हची काच उलटी ठेवून छापली की डावं-उजवं बदलतं आणि मागे लिहिलेली ओळ कुणाला तरी भलत्यालाच लागू होते. जानवं डाव्या खांद्यावर हवं. उजव्या खांद्यावर ते फक्त पितृकार्यात जातं, मुंजीच्या फोटोत नाही. जानवं दिसत नसेल तेव्हा पुरुषांच्या कोटाची बटणं बघायची: डावा पदर उजव्यावर येतो.

आता तुझी बाई. त्या काळात स्टुडिओत सर्रास वापरल्या जाणाऱ्या काचा लाल रंगाला आंधळ्या आणि निळ्याला फार तिखट असायच्या. लाल लुगडं जवळजवळ काळं येई, निळं किंवा जांभळं फिकट, कधी पांढरंच. त्यामुळे तिचं लुगडं निळंही असू शकतं. शिवाय धाकटी चुलतपणजी १९२६ मध्ये विधवा झाली. आपल्यासारख्या घरात तेव्हा केशवपन आणि लाल आलवण (विधवेचं लुगडं) असे, ते फोटोत काळं उतरलं असतं; आणि मुंजीच्या फोटोत तिला उभं केलं असतं का, हा वेगळाच प्रश्न. बहुतेक नाही. कटू आहे, पण खुर्च्या मोजताना हे धरावंच लागतं: जी दिसत नाही ती घरात नव्हती असं नव्हे.

कपाळ बघ. कुंकू लाल, म्हणून काळा ठिपका यायला हवा. तुझ्या मोबाईलच्या फोटोत तिथे काहीतरी आहे, पण ते कुंकू, बुरशी की स्टुडिओने शाईने काढलेली टिकली, हे त्यावरून सांगता येणार नाही. खिडकीशी फोटो आडवा धर, उजेड एका बाजूने सरपटत येऊ दे आणि भिंगातून बघ. मागाहून लावलेली शाई पृष्ठभागावर वेगळी चमकते किंवा मंद दिसते. चित्रातलं कुंकू चमकेत फरक करत नाही. बुरशीला केसाळ कडा असते.

शिवाय नीट स्कॅन लागेल. ६०० डीपीआयला टिफमध्ये संपूर्ण फोटो, मग चेहऱ्यांचा पट्टा १२०० ला, आणि पुठ्ठ्याची मागची बाजूही. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय असं दिसतं; चिकटलेल्या जागी वरची चमकेची खूण चालणार नाही. दमटपणात जिलेटिन मऊ होऊन काचेला धरतं. ओढलंस तर चेहरे काचेवर राहतील. काचेसकटच घे. स्कॅनरला धूसर आलं तर कॅमेरा समांतर धरून, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर दिवे लावून आणि आपल्यामागे काळं कापड टांगून. ओल्या कापडाने पुसू नकोस. आणि चेहरे ‘स्पष्ट’ करणारं ॲप अजिबात नको. ते नसलेले डोळे आणि दात स्वतःच्या मनाने काढून देतं, मग आपण त्या दातांवरून वंशावळ लावत बसतो.

चेहरा जुळवायचाच तर दोन्ही फोटोंत मान एकाच बाजूला वळलेली हवी. कानाची घडण सहसा टिकते, पण पाळीवर भरवसा नको, दागिन्यांच्या वजनाने ती लोंबते. दात गेले की हनुवटी बदलते. सख्ख्या बहिणींपुढे संगणकही फसतो. पदर डोक्यावर की खांद्यावर यावरून सून की माहेरवाशीण हे ठरवायचा मोह आवर. ती चाल जातीगणिक, गावागणिक वेगळी.

मागे ‘माई’ लिहिलंय ते बॉलपेनने. बॉलपेन आपल्याकडे घरोघरी आलं ते १९५० नंतर बऱ्याच काळाने, म्हणजे ही ओळ फोटोच्या वेळची नाही, कुणीतरी आठवणीतून लिहिलेली. अक्षर आजीच्या वाणसामानाच्या वहीशी ताडून बघ. आजीचं असेल तर तिची माई म्हणजे तिची मोठी नणंद. आजोबांचं असेल तर त्यांची आत्या. हस्ताक्षर ठरेपर्यंत त्या नावाला किंमत शून्य.

माझा कल आजोबांच्या आत्येकडे आहे. मुंजीला आत्या येणारच, आणि फोटोत दुसरी त्या वयाची सवाष्ण उरत नाही, एक पणजीची बहीण सोडली तर. ती येण्याचा काही कागद आपल्याकडे नाही. गावच्या जमिनीचे जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर मिळतात का बघ, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज कर. पणजोबांच्या वारस नोंदीत नातं आणि बऱ्याचदा वयही लिहिलेलं असतं. मात्र १९५६ च्या वारसा कायद्याआधीच्या नोंदीत मुली क्वचितच येतात, तिथे नाव नाही म्हणून आत्या नव्हती असं समजू नकोस. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळीत सुना सासरच्या नावाने असतात, म्हणून आत्येचं सासरचं आडनाव आणि मूळ गाव आधी काढ. जुना मजकूर मोडीत असेल तर मला पाठव.

स्कॅनची मोठी प्रिंट काढून त्यावर बटर पेपर ठेव, प्रत्येक डोक्याची कड काढ आणि आकडे घाल: पुढची रांग, मग खुर्च्या, मग मागची, बघणाऱ्याच्या डावीकडून. नावं आकड्यांसमोर वेगळ्या कागदावर, कुणी सांगितलं आणि कधी, यासह. जिची खात्री नाही तिथे ‘बहुतेक’ लिही. मूळ पुठ्ठ्यावर काही लिहू नकोस.

आत्याआजीला विचारताना ‘ही माई ना?’ असं विचारू नकोस, ती हो म्हणेल. ‘ही कोण?’ एवढंच. ‘आमची आत्या’ म्हणाली तर ‘म्हणजे कुणाची बहीण?’ हे लगेच विचार. आणि सकाळी जा; जेवणानंतर ती फोटोतल्या प्रत्येकीला माई म्हणते.

तुझी,
आई