छायाचित्राच्या आतली खूण

संपादक महोदय,

गोव्यातल्या फोंड्याच्या शिगम्यात (होळीच्या सुमाराच्या उत्सवात) मी काढलेले रोमटामेळाचे, म्हणजे ढोल-निशाणांच्या मिरवणुकीचे, छायाचित्र यंदा विनापरवानगी एका जाहिरात फलकावर झळकले. ढोल, उंच धरलेली निशाणे, गुलालाने माखलेले चेहरे, सगळे जसेच्या तसे. कोपऱ्यातले माझे नाव तेवढे कापलेले.

माझ्या व्यवसायबंधूंना कळकळीने सांगतो, नुसत्या कोपऱ्यातल्या नावावर विसंबू नका. मालकीची खूण छायाचित्राच्या आतही लपवता येते. सोपी रीत अशी: पिक्सेलच्या, म्हणजे फोटोतल्या बारीक ठिपक्याच्या, रंगाच्या आकड्यातला शेवटचा बिट (सर्वांत लहान अंश) बदलायचा. 200 चे 201 झाले तरी डोळ्याला पत्ता लागत नाही. पण फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरला की फाईल लहान होताना असली नाजूक खूण बहुधा पुसली जाते, आणि आपल्याकडचे फोटो फिरतात ते तिथूनच. त्यापेक्षा टिकाऊ रीत म्हणजे जेपेग (फोटो लहान करून साठवायची नेहमीची पद्धत) ज्या 8 बाय 8 पिक्सेलच्या चौकटी पाडते, त्यांच्या मधल्या फ्रिक्वेन्सीत, म्हणजे फार ठळकही नाही आणि फार बारीकही नाही अशा तपशिलात, खूण पेरणे. ती बऱ्यापैकी तग धरते. त्याने चोरी थांबणार नाही, पण फोटो कुणाचा हे दाखवायला हाती काहीतरी राहते. मूळ फाईल मात्र जपून ठेवाच.

कॉपीराइट कायद्यात 2012 साली आलेल्या कलम 65बी नुसार हक्कांची माहिती जाणूनबुजून, अधिकार नसताना काढून टाकणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. फलक छापणाऱ्यांना हे ठाऊक असायला हवे. आपल्या दैनिकानेही वाचकांचे फोटो छापताना छायाचित्रकाराचे नाव विचारून घ्यावे, ही विनंती.

एक छायाचित्रकार, फोंडा