शेवटचे दोन भाग

पुणे
रविवार, रात्रीचे पावणेदोन

प्रिय दिग्या,

तुझे तीन मिस्ड कॉल आणि गणपतीतला तो लांबलचक मेसेज, कशालाच उत्तर दिलं नाही. आधी मनसोक्त शिव्या घालून घे, मग पुढचं वाच. फोनच करणार होतो, पण माझ्या पहिल्या ‘हॅलो’लाच तू ओळखलं असतंस की गडी काहीतरी लपवतोय. तब्येत ठीक. शुगर जरा वर, घसा शाबूत, म्हणजे दुकान चालू.

धंद्याचं उरकून टाकतो. २०२४च्या विधानसभेला एकाच मतदारसंघातल्या दोन उमेदवारांच्या रिक्षांवर मीच बोंबलत होतो. एकाला भारदस्त आवाज, दुसऱ्याला गावरान. हरलेल्याने मोजून पैसे दिले, निवडून आलेल्याचे अजून यायचेत. साउथच्या डबिंगमध्ये खलनायकाच्या डाव्या बाजूचा गुंड असतो ना, तो मी. ‘मराठीसाठी दोन दाबा’ छापाची कामं मशीनने नेली. ऑडिओबुकं तेवढी उरलीत, तयार तासावर पैसे. एक तास तयार व्हायला माझे तीन जातात, कारण वरच्यांचा कुकर, सोसायटीची मोटार आणि माझं पोट यांना माइक सगळ्यांत आधी ऐकतो. म्हणून रात्री बसतो. पंखा बंद, कपाटात गोधड्या, मध्ये मी घामाघूम.

आता बंड्याचं.

ती बावीस भागांची कादंबरी वाचत होता हे तुला माहीत आहे. वीस झाले आणि पुढचं तुला सांगायला नको. बंड्याच्या तेराव्यानंतर चौथ्या दिवशी निर्मात्याचा फोन. ‘तुम्ही त्यांच्यासारखं हुबेहूब करता म्हणे?’ म्हणे! कुणी सांगितलं असेल? बंड्यानेच. आयसीयूत जायच्या आधी त्याने माझं नाव देऊन ठेवलं होतं. मला बोलला नाही. हरामखोर.

मी केले. दोन रात्री लागल्या. पहिली नुसती वाया गेली, कारण आवाज बंड्याचा लागत होता पण चाल माझी. मग त्याचा विसावा भाग कानाला लावून डोळे मिटून पडलो. तो क्रियापदाच्या आधी नाकाने इवलासा श्वास घ्यायचा, आठवतंय? आणि ‘स’ला ती शीळ. पडलेल्या दाताची. जीभ डावीकडे दाबली की ती येते, पण ओळीत तीनदा ‘स’ आला की जीभ थकते. रात्री तीनला ‘संध्याकाळी सगळं सामसूम’ हे वाक्य अकरा वेळा म्हटलं आणि तुला मनापासून शिव्या घातल्या. तो दात कुणी पाडला हे मी वहिनींना अजून सांगितलेलं नाही. १९९४ची तालीम, खोटी काठी, खरा दात. त्या अजून समजतात की साहेब सायकलवरून पडले होते.

फाइल गेली. ‘जुळलं’ एवढाच निरोप आला. पैसे वहिनींच्या खात्यावर टाकायला सांगितले. नाव फक्त त्याचं, ते माझंच म्हणणं होतं.

परवा घरी गेलो होतो. वहिनींनी चहा ठेवला आणि मोबाइल पुढे केला. म्हणाल्या, ‘भावजी, शेवटचे दोन भाग ऐकलेत का? एवढं आजारपण, पण बघा, आवाजाला कुठे थकवा नाही.’ रोज रात्री तेवढेच दोन लावून झोपतात. आधीचे वीस नाहीत. शेवटचा आवाज म्हणून हे दोन.

मी चहा प्यालो. ‘छानच वाचलंय’ म्हणालो. स्वतःच्या कामाची तारीफ इतक्या लाजिरवाण्या जागी कधी केली नव्हती.

आता निर्मात्याला दुसरा खंड हवाय, बंड्याच्याच आवाजात. मी करतो तर मी. नाहीतर ‘त्यांच्या आवाजाचे तीसेक तास आहेत आमच्याकडे, मशीनला शिकवू.’ नमुना ऐकवला. दिग्या, तोच आवाज रे. शीळसुद्धा. अंगावर काटा आला. मग त्या आवाजाने ‘तो कसाबसा जगला’ वाचलं आणि ‘जगला’चा ज ‘जन्म’मधला काढला! ‘जरासा’तला नाही. बंड्या असा ज काढणं शक्य आहे? सरांनी त्या एका अक्षरासाठी आपल्याला भरत नाट्यच्या जिन्यावर तासभर उभं केलं होतं. निर्माता म्हणतो, दुरुस्त होईल. होईलही.

२०२४मध्ये अरिजित सिंगच्या आवाजाची नक्कल विकणाऱ्या एआयवाल्यांना मुंबई उच्च न्यायालयाने थांबवलं. पण तो अरिजित. बंड्यासाठी कोण उभं राहणार? सरला चौधरी रेल्वेत दुसऱ्या खात्यात गेल्या तरी स्टेशनांवर त्यांचाच आवाज घुमत राहिला, ते निराळं. ते शब्द त्या स्वतः बोलल्या होत्या.

संमतीच्या कागदावर वहिनींची सही लागते आणि तो कागद घेऊन मीच जायचंय. चाळीस हजार आहेत, धाकट्याची फी तोंडावर. सही घ्यायची तर आधी सांगावं लागेल की ते दोन भागही त्याचे नव्हते. न सांगता घेतली तर, तू मला ‘नकलाकार’ म्हणाला होतास त्याच्या कितीतरी खालची पायरी झाली. (त्या शब्दावरून आपण दीड वर्ष बोललो नव्हतो. तेव्हा तू चूक होतास. आत्ता माहीत नाही.)

तू तीस वर्षं दात पोटात ठेवलास. ते कसं जमतं, की जमत नाही, ते कळव.

नांदेडची बदली रद्द झाली का? गुडघ्याचं काय ठरलं? लेकीला आशीर्वाद, लग्नाच्या निवेदनाचे पैसे घेणार नाही.

दोन्ही भाग पाठवतो. एकविसाव्यात चौथ्या मिनिटाला एक श्वास तोंडाने घेतलाय. तो माझा, काढायचा राहून गेला. तुला कळतो का बघ. आणि शुक्रवारच्या आत फोन कर, शनिवारी मला तिकडे जायचंय.

तुझा,
शऱ्या

ता.क. आपल्या खोलीवर राहिलेली तुझ्या आईची गोधडी अजून कपाटात आहे, परत मागू नकोस. तिच्याशिवाय माझी शांतता उणे ६० डेसिबलच्या खाली जात नाही.