चुनाभट्टीजवळचा जेसीबी थांबवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमळनेर तालुक्यात बोरी काठाला आमचं गाव, शिवारात जुनी चुनाभट्टी आहे, अर्धी पडलेली, आणि तिच्या मागेच चुनखडीचे खडे काढायची खाण. सध्या त्या खाणीत जेसीबी लागलाय, शेतरस्त्याला मुरूम पाहिजे म्हणून, आणि खोदत खोदत पार भट्टीच्या भिंतीजवळ आलेत. रस्ता व्हायलाच पाहिजे, पावसाळ्यात ट्रॅक्टरसुद्धा फसतो, त्याला माझा विरोध नाही. पण मुरूम अजून चार ठिकाणी मिळेल, भट्टी आमच्या भागात ही एकच उरलीये.

भट्टी मुद्दाम नाल्याच्या उताराला बांधलीये, म्हणजे गाडी वरच्या अंगाला लावून माल सरळ आत ओतता यायचा, एक थर चुनखडी एक थर बाभळीची लाकडं असं वरपर्यंत, आणि खाली कमानीचं छोटं तोंड, तिथून हवा आत जायची अन् भाजलेला चुना तिथूनच ओढून काढायचे. कमानीत वाकून आत बघा, दगड तापून तापून त्यावर काच चढल्यासारखा हिरवट-काळा थर आलाय, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतो. चुनखडी भाजायला साधारण ९०० डिग्री लागतात, तेव्हा तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, १०० किलो शुद्ध चुनखडीतून कळीचा चुना ५६ किलोच निघतो. आपल्याकडे सगळा काळा पाषाण, चुनखडीचा खडक नाही, म्हणून लोक नाल्याकाठच्या मातीतले पांढरे खडे खणून आणायचे. त्यात चिकणमातीचा अंश असतो आणि त्यामुळेच हा चुना ओलाव्यातही घट्ट धरतो, विहिरींच्या बांधकामाला चांगला.

जवळच चुना मळायच्या घाणीचा गोल चर आहे, त्यातलं दगडी चाक कोणीतरी उचलून देवळाजवळ नेऊन ठेवलंय. भाजलेला चुना पाणी टाकून विरवायचा, वाळू घालून बैल जुंपून घाणीत मळायचा, कोणी त्यात गुळाचं पाणी घालायचं कोणी बेलफळाचं. आमच्या गल्लीतल्या एका बाबांनी लहानपणी हे काम केलंय, सगळं सांगून झालं की म्हणतात, "आते कोन करस इतलं?"

पारोळ्याचा किल्ला बघायला आपण मुलांना घेऊन जातो, अशी जुनी बांधकामं चुन्यावरच उभी आहेत, सिमेंट फार नंतर आलं. अशा भिंतींना आता सिमेंटचा गिलावा करतात, मग ओलावा आतच कोंडतो, खार फुटतो, वीट भुगा होऊन पडते, गावोगावच्या देवळांत हेच दिसतंय. दुरुस्ती चुन्यातच करायची तर ते काम माहीत असलेली माणसं लागतात, आणि आमचे बाबा ८० च्या पुढे आहेत.

ग्रामपंचायतीला विनंती आहे की भट्टी आणि घाणीभोवतीची जागा सोडून खोदा, तहसील कार्यालयाने मुरमाच्या परवानगीतून तेवढा तुकडा वगळावा. पुरातत्त्व विभागाने नाहीतर जळगावच्या विद्यापीठाने दोन माणसं पाठवून मोजमाप, नकाशा, फोटो करून ठेवावेत आणि बाबांचं बोलणं रेकॉर्ड करावं, राहायची-जेवायची सोय आम्ही गावात करू. फक्त लवकर या, जेसीबी भिंतीपासून हाताच्या अंतरावर आलाय.

आपला,
एक वाचक, ता. अमळनेर, जि. जळगाव