ताई, लय तिचीच पक्की होती

प्रिय ताई,

"आधी काही विकत घेऊ नका. एका वेळी किती माइक लागणार, तेवढं सांगा." तुमचं पहिलंच वाक्य हे होतं, आणि अर्धा गुंता तिथेच सुटला.

मुलीचं गाणं रेकॉर्ड करायला घरच्या स्टुडिओसाठी काय घ्यावं, असं विचारलं की आजवर नुसती नावं मिळत होती. एका दुकानदाराने तर आठ इनपुटचा थंडरबोल्ट इंटरफेस (माइक-गिटारचा आवाज कॉम्प्युटरात नेणारा डबा) गळ्यात मारला. प्लग बसतोय म्हणजे चालणारच, असं छातीठोकपणे सांगून! यूएसबी-सी हा नुसता प्लगचा आकार असतो, त्या पोर्टाला थंडरबोल्ट, म्हणजे डेटा नेण्याची ती वेगळी वेगवान पद्धत, असेलच असं नाही. नसेल तर फक्त थंडरबोल्टवर चालणारा इंटरफेस कॉम्प्युटरला दिसतच नाही. एवढं सांगायला त्याला अर्धं मिनिट पुरलं असतं. पुढे साध्या इंटरफेसवर आवाजात चरचर यायला लागली, तेव्हा दुसऱ्या एकाने रॅम वाढवायला लावली. चरचर होती तशीच राहिली.

तुम्ही गरजेपासून सुरुवात केलीत. एक गाणारी, एक गिटार, म्हणजे दोन इनपुट पुरे. गिटार थेट जोडायची तर त्यातलं एक हाय-झी, म्हणजे गिटारसाठीचं जास्त अवरोधाचं, हवं, नाहीतर पिकअपवर (तारांचा कंप टिपणाऱ्या भागावर) भार पडून तिचा आवाज बोथट होतो. कंडेन्सर माइकला केबलमधूनच मिळणारी ४८ व्होल्टची वीज, म्हणजे फँटम पॉवर, लागते. आणि विंडोज असेल तर इंटरफेसला कंपनीचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर (आवाजाची कमी उशिराने ने-आण करणारं सॉफ्टवेअर) आहे ना, हे घेण्याआधीच बघायचं. मॅकमध्ये त्याच कामाचा कोअर ऑडिओ मुळातच असतो, तिथे ही काळजी कमी. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरचं नाव तुम्ही सगळ्यात शेवटी काढलंत. लॉजिक आणि गॅरेजबँड ॲपलच्या उपकरणांशिवाय चालत नाहीत, रीपर मॅक, विंडोज, लिनक्स तिन्हीकडे चालतं आणि ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं. ज्यावर हात बसेल ते घ्या, म्हणालात.

चरचर कुठून येते, ते लेटन्सीमॉन हे अडथळा शोधणारं सॉफ्टवेअर लावून तुम्ही दाखवलंत. वाय-फायचा ड्रायव्हर मधेच प्रोसेसर अडवून धरत होता, तेवढ्यात बफर, म्हणजे आवाजाचा छोटा साठा, रिकामा व्हायचा आणि आवाज तुटायचा. त्याला रॅम काय करणार? वाय-फाय बंद केलं, इंटरफेस हबमधून काढून थेट पोर्टात लावला, पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स'वर नेला. गाताना बफर १२८ सॅम्पलचा (सॅम्पल म्हणजे आवाजाचं एक सुटं मोजमाप), मिक्सिंगला १०२४. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सॅम्पल असताना, १२८ सॅम्पल म्हणजे जेमतेम २.७ मिलिसेकंद. येण्याजाण्याचा वेळ धरून उशीर त्याच्या दुपटीहून जास्त होतो, पण गाणारीला तो खुपत नाही.

हे सगळं मोलाचंच. पण मनात रुतून बसलंय ते वेगळं आहे.

मुलगी आधी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर गायली की रेकॉर्डिंग किंचित मागे पडायचं. "लय कच्ची आहे, मेट्रोनोमवर रियाज वाढव," असं ज्याने त्याने तिला ऐकवलं होतं. तिलाही ते पटायला लागलं होतं. तुम्ही तिचा एक टेक (एकदा गाऊन केलेलं रेकॉर्डिंग) ऐकलात आणि बॅगेतून हातभर लांबीची केबल काढलीत. तिचं एक टोक इंटरफेसच्या लाइन आउटपुटमध्ये, दुसरं लाइन इनपुटमध्ये. नव्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद, नाहीतर आवाज गोल फिरत राहून शिट्टी वाजते. मग मेट्रोनोमचा क्लिक वाजवून तोच परत रेकॉर्ड केलात आणि पडद्यावर दोन्ही ट्रॅक मोठे करून दाखवलेत. मूळ क्लिक इथे, रेकॉर्ड झालेला तिथे. मध्ये ९६० सॅम्पलचं अंतर, म्हणजे पूर्ण २० मिलिसेकंद. तिथे गाणारं कुणीच नव्हतं, तरी उशीर होता.

"तुझी लय पक्की आहे. ड्रायव्हर स्वतःचा उशीर कमी सांगतोय, आणि सॉफ्टवेअर तेवढाच भरून काढतंय," तुम्ही तिच्याकडे वळून म्हणालात. माझ्याकडे नाही, तिच्याकडे. ताई, त्या क्षणी तिचा चेहरा तुम्ही पाहिलात की नाही, ठाऊक नाही. मी पाहिला.

ज्ञान असणारे पुष्कळ भेटतात. समोरच्या पोराच्या माथी दोष मारण्याआधी एकदा मोजून बघणारं माणूस क्वचित भेटतं.

रीपरच्या रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये ९६० चा ऑफसेट, म्हणजे उरलेला उशीर भरून काढणारा आकडा, भरला. तो फक्त पुढच्या रेकॉर्डिंगला लागू होतो, म्हणून जुने टेक तेवढेच डावीकडे सरकवून घेतले. जे टेक आधीच्या टेकवर गायलेले होते ते दुपटीने मागे पडले होते, त्यांना १९२० लागले. बफर किंवा ड्रायव्हर बदलला की पुन्हा मोजा, असं सांगून केबल इथेच ठेवून गेलात.

परवा ड्रायव्हर अपडेट झाला. मला काही न विचारता तिने केबल लावली, क्लिक रेकॉर्ड केला, अंतर मोजलं. ९१२ आले. तिने आकडा बदलला आणि गायला बसली.

तुमचा ऋणी,
तिचा बाबा