यमूला कुणी विचारलं होतं का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बी.ए.च्या वर्गाला मी हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी शिकवते. लहानपणी लग्न होऊन पुढे विधवा झालेल्या यमूची ही कहाणी. परीक्षेतला प्रश्न ठरलेला असतो : 'कादंबरीतील स्त्रीजीवनाचे चित्रण स्पष्ट करा.' उत्तरही ठरलेलं. त्या काळी स्त्रियांवर फार अन्याय होत असे, बालविवाह होत, केशवपन होई. आज परिस्थिती बदलली आहे. कादंबरी न उघडता हे लिहिता येतं आणि त्याला चांगले गुणही मिळतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे पत्र.

यंदा मी सुरुवात 'इकडून' या एका शब्दापासून केली. 'इकडून येणं झालं' असं वाक्य आलं, तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलानं विचारलं, "मॅडम, इकडून म्हणजे कुठून?" नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, 'ते आले' असंही सरळ म्हणायचं नाही, हे कळल्यावर वर्ग गप्प झाला. त्या घरात बाईची जागा कुठे होती हे त्या क्रियापदानंच सांगितलं. मग मी एवढंच विचारलं : या घरात निर्णय कोण घेतं आणि तो अमलात कोण आणतं? मुलांनी पानं उलटली. नियम यमूच्या सासरच्या शंकरमामंजींसारखे पुरुष घालतात, पण ते रोज पाळून घेणाऱ्या घरातल्या बायकाच असतात, हे त्यांनी स्वतः शोधलं. एक मुलगी म्हणाली, "यमूला नवऱ्यानं, रघुनाथरावांनी, वाचायला शिकवलं, मुंबईत मोकळेपणा दिला. म्हणजे तो त्यांचाच होता ना? ते गेले आणि तोही गेला." हे वाक्य कुठल्याही गाइडमध्ये नाही.

सांस्कृतिक संघर्षाचंही तसंच. कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होती त्याच काळात, १८९१ साली, मुलींच्या संमतिवयाची, म्हणजे ज्या वयाआधी नवऱ्यालाही शरीरसंबंध ठेवता येणार नाही त्या वयाची, मर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेणारा कायदा झाला. टिळकांनी त्याला विरोध केला. परक्या सरकारनं आमच्या धर्मात हात घालू नये, हा युक्तिवाद मुलांना आधी नीट समजू द्यायला हवा. एका बाजूला खलनायक ठरवून मोकळं झालं की संघर्ष उरतच नाही. हा युक्तिवाद समजल्यावरच एकानं विचारलं, "पण या वादात यमूच्या वयाच्या मुलीला कुणी विचारलं होतं का?" त्या दिवशी तास संपल्याची घंटा कुणी ऐकली नाही.

आमच्या वर्गात शिरोळ तालुक्यातल्या मुली आहेत. त्याच तालुक्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवांचं कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला, हे त्यांना घरबसल्या माहीत आहे. 'आज परिस्थिती बदलली आहे' लिहिताना त्यांचाच हात थांबला. एकीनं ते वाक्य खोडून आपल्या आजीला हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही, असं लिहिलं. ही उत्तरपत्रिका मी जपून ठेवली आहे.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. निदान एका प्रश्नात कादंबरीतला पंधरा-वीस ओळींचा उतारा छापा आणि विचारा : इथं कोण बोलतंय, कोण गप्प आहे, आणि का? पाठांतरावर याचं उत्तर देता येत नाही. आम्ही शिक्षक वर्गात कितीही जीव ओतला तरी मुलं शेवटी परीक्षेत जे विचारलं जातं तेच वाचतात.

आपली,
मराठीची एक प्राध्यापिका, कोल्हापूर