दुकानातली गोळी रानात येते

महोदय,

वडगावात माझे औषधांचे दुकान आहे, त्याला तीस वर्षे झाली. शहापूर शिवारात बळ्ळारी नाल्याच्या काठाला घरचे दोन एकर भाताचे रानही आहे. पावसाळ्यात नाला तुंबला की शहराचे सांडपाणी बांध ओलांडून थेट बासमतीत शिरते. काळ्या पाण्याबद्दल, जलपर्णीबद्दल आम्ही दरवर्षी निवेदने देतो. मला मात्र अलीकडे वेगळीच काळजी लागली आहे. मी गल्ल्यावरून दिलेली गोळीच माझ्या रानात येते.

मधुमेहाची मेटफॉर्मिन शरीरात मोडतच नाही, लघवीवाटे जशीच्या तशी बाहेर पडते. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातले जिवाणू पॅरासिटामॉल बरेचसे संपवतात. पण फिट्सवरची कार्बामाझेपीन त्यांच्या हातून जवळजवळ तशीच सुटते आणि डायक्लोफिनॅकही पुष्कळ उरते. हेच डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. म्हणून २००६ मध्ये ते जनावरांसाठी बंद करावे लागले. माणसांसाठी मी आजही ते रोज विकतो.

स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक केंद्रांना नेहमीच्या प्रक्रियेपुढे आणखी एक टप्पा बंधनकारक केला. पाण्यात ओझोन सोडून औषधांचे रेणू तोडायचे, नाहीतर सक्रिय कोळशावर ते धरून ठेवायचे. नेमून दिलेली द्रव्ये ८० टक्के तरी निघालीच पाहिजेत, असा नियम. ओझोनने तुटलेल्या तुकड्यांसाठी पुढे वाळूचा गाळणथर लागतो, वीजही बरीच लागते. खर्चासाठी माणशी वर्षाला जास्तीत जास्त ९ फ्रँक आकारतात. युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्यात अशा खर्चाचा किमान ८० टक्के वाटा औषध आणि सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्यांवर टाकला. याच धंद्यावर माझे घर चालते, तरी मला हे रास्त वाटते.

आधी सगळे सांडपाणी केंद्रापर्यंत पोचले पाहिजे, हे खरेच. पण हलग्याच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पासाठी शेतकऱ्यांची पिकती जमीन गेली आहे. तेव्हा या पुढच्या टप्प्यासाठी त्याच आवारात आत्ताच जागा राखून ठेवावी. उद्या पुन्हा कुणाच्या रानात मोजणी नको. बाहेर पडणाऱ्या पाण्यात निदान चार-पाच औषधे तपासून महापालिकेने आकडे जाहीर करावेत आणि ते कन्नडबरोबर मराठीतही द्यावेत. नाल्याकाठी भात लावणारे आम्ही बहुतेक जण मराठीच वाचतो.

– एक औषधविक्रेता, वडगाव, बेळगाव